गाठ काढताना छाती लहान करून घ्यायची का? (जाऊबाईंसाठी विचारते)

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे ठेचा, अंबाडीची भाजी आणि माझ्या चौथीच्या वर्गातल्या गमती लिहिते, पण आज विषय वेगळा आहे, लिहू का नको करत दोन दिवस गेले. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ४७. आर्णीकडचं खेडं, एकत्र घर, कोरडवाहू शेती. त्यांच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. मेमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी, सगळं झालं. कॅन्सरच आहे. गाठ अडीच सेंटीमीटरच्या आसपास, काखेत सोनोग्राफीत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले पूर्ण काढायची गरज नाही, फक्त गाठ काढू आणि नंतर शेक (रेडिएशन) देऊ. इथवर समजलं. मग म्हणाले यांची छाती फार भारी आहे, तर त्याच ऑपरेशनमध्ये ती लहान करून देऊ, आणि दुसरी बाजूही तिच्या जोडीला आणू, एकाच भुलीत.

तेव्हापासून घरात महाभारत. सासूबाई म्हणतात, "जीवावर बेतलं अन् यांले फॅशन सुचून रायली." भासरे (जाऊबाईंचे मिस्टर) काहीच बोलत नाहीत, अंगणात जाऊन बसतात. मलाही धड कळत नाहीये. कॅन्सर काढताना असं लहान करणं बरोबर असतं का, कॅन्सर मागे तर राहत नाही ना, आणि दोन्ही बाजू एकदम करायच्या की एक नंतर? कोणी केलंय का?

सावजी_रस्सा
ताई, मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितो. जाऊबाईंना लवकर बरं वाटो.

कापूसकोंड्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा बिल वाढवायचा प्रकार आहे. गाठ आहे ना, गाठ काढा अन् मोकळे व्हा. दुसरी बाजू चांगली असताना तिला कायले हात लावायचा? आमच्याकडे ट्रॅक्टरचा एक टायर पंक्चर झाला तर मेकॅनिक दुसराही बदला म्हणतो, तसंच हे.

अंबाडी
कापूसकोंड्या भाऊ, एका बाजूला मोठा अन् दुसऱ्या बाजूला लहान टायर लावून ट्रॅक्टर चालवून दाखवा, मग बोलू.

पऱ्हाटी, मी केलंय. हिंगणघाटकडची आहे, २०२१ ला झालं, तेव्हा ५२ ची होते. माझी उजवी बाजू. आता जे झालं ते सगळंच सांगते, गोड गोड नाही सांगत.

ऑपरेशनच्या आधी मला उभं करून स्केचपेनने अंगावर रेघा मारल्या, सुतार फळीवर मारतो तशा. झोपल्यावर आकार बदलतो म्हणून उभ्यानेच मारतात. गाठ माझी खालच्या अंगाला होती, आणि लहान करताना तसाही खालचाच भाग काढायचा असतो, म्हणून डॉक्टर म्हणाले तुमचं सोपं आहे, गाठ आणि तिच्या भोवतालचा बराच जास्तीचा भाग एका दमात निघतो. नंतर जे उरतं ते वर ओढून शिवतात. टाके बोंडीभोवती (स्तनाग्राभोवती) गोल, तिथून खाली उभी रेघ, आणि खालच्या घडीत आडवी. उलटा टी म्हणतात त्याला. दोन्हीकडे नळ्या अन् पिशव्या होत्या, पाचव्या दिवशी काढल्या. दुसरी बाजूही तेव्हाच केली.

आता वाईट. जिथे उभी आणि आडवी रेघ मिळते ना, तिथे माझी जखम उघडली, रुपयाच्या नाण्याएवढी. शुगर होती मला, मी लपवलेली नव्हती पण सांभाळलेलीही नव्हती. तीन आठवडे रोज ड्रेसिंग, आणि केमो तेवढी पुढे गेली. तो काळ फार वाईट गेला, रात्री वाटायचं आपल्या हौसेपायी आपण उपचार लांबवला.

आणि आता चांगलं. हौस नव्हती ती, हे मला नंतर कळलं. तीस वर्षं पट्ट्यांनी खांद्यात खाचा पडल्या होत्या, पावसाळ्यात खाली घडीत चिघळायचं, पावडर लावून लावून जीव जायचा, कोणाला सांगायची लाज. ते सगळं गेलं. निंदायला वाकले तर मान धरत नाही. एक सांगायचं राहिलं, बोंडीला आता फारसं जाणवत नाही, बधिर आहे. हे मला आधी सांगितलं होतं पण तेव्हा कानावरून गेलं.

वऱ्हाडी_ठेचा
माय वं, सगळं डोळ्यासमोर आलं. अंबाडी काकू, तुमचं धाडस मोठं.

नर्सबाई_वर्धा
मी कॅन्सर वॉर्डात नोकरी केली १४ वर्षं, आता ड्रेसिंगला बसते. कापूसकोंड्या भाऊंना उत्तर देते.

छाती फार भारी असली की शेक नीट बसत नाही. मशीनवर झोपवल्यावर ती बाजूला घरंगळते, रोज सारखी बसत नाही, घड्या पडतात. घडीत कातडीवर मात्रा जास्त बसते, मग तिथे लाल होतं, सोलतं, पाणी सुटतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. मी अशा बाया पाहिल्यात ज्या घडीत सुती पदर खोचून, हात वर धरून बसायच्या. लहान केलेल्या छातीला शेक सरळ बसतो, त्रास कमी होतो. म्हणून हे फॅशन नाही. सासूबाईंना असं सांगा की शेक नीट बसावा म्हणून करताहेत. खोटं पण नाही.

शेक आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांचा असतो, १५ वेळा, वरून गाठीच्या जागेला थोडा जास्तीचा. पूर्वी पाच आठवडे लागायचे. पण एवढं लक्षात ठेवा, गाठ काढून स्तन राखला तर शेक ठरलेलाच, तो टाळता येत नाही. "गाठ तं गेली, आता कायले रोज जायचं" म्हणून मधेच सोडणाऱ्या पाहिल्या आहेत. जाणंयेणं जमणारच नसेल तर ते आधीच डॉक्टरांशी बोला, कारण मग ऑपरेशनच वेगळं ठरू शकतं.

मीच_ती
मी वेगळं मत मांडते. मी पूर्ण काढला, २०१८ ला, आणि मला पश्चात्ताप नाही. गाठ लहान होती, राखता आला असता. पण मला रोज आरशात पाहून "आहे का गेला" करत बसायचं नव्हतं. एकदा काढला, सुटले. टाके एक रेघ, पंधरा दिवसांत कामाला लागले. हे उलटा टी अन् दुसरी बाजू अन् चार तासांची भूल, कशासाठी?

अंबाडी
मीच_ती, तुमचं तुमच्या जागी बरोबर. पण तुम्ही अंगाने बारीक का? खरं सांगा.

मीच_ती
हो, बारीकच आहे :) म्हणजे मला काय फरक पडला नाही म्हणता तुम्ही. बरं, मान्य. माझ्या वॉर्डात एक मावशी होत्या, भारी अंगाच्या, त्यांची एकच बाजू काढली. त्या एका अंगाला कलून चालायच्या, ब्लाउज सारखं एका खांद्यावरून घसरायचं, जड बाजूची मान धरायची. घरचाच कापूस पिंजून पिशवी शिवली होती, पण ती हलकी, वर सरकायची. मग कोणी सांगितलं म्हणून त्यात थोडी राई भरली. आम्ही हसून हसून बेजार.

सावजी_रस्सा
विदर्भात कापसाला एवढाच काय तो भाव मिळाला म्हणायचा.

निवृत्त_हेडमास्तर
"सगळं काढलं म्हणजे जास्त सुरक्षित" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत हॅल्स्टेड नावाचे सर्जन होते, ते स्तनाबरोबर खालचे स्नायूही काढत. तीच पद्धत कित्येक दशकं जगभर चालली. मग अमेरिकेत फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी बायांचे गट करून तपासलं, काहींचा पूर्ण काढला, काहींची फक्त गाठ काढून शेक दिला. २० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ साली दोन्हीकडचे निष्कर्ष एकदमच छापून आले, जगण्यात फरक नाही. राखलेल्या स्तनात गाठ पुन्हा येण्याची शक्यता थोडी असते, म्हणून तर शेक आणि दरवर्षी मेमोग्राफी. माझ्या पत्नीच्या वेळी मी हे सगळं वाचलं होतं. वाचण्याशिवाय दुसरं काय हातात होतं.

कापूसकोंड्या
बरं बाप्पा, टायरवालं वाक्य मागं घेतो. पण पैशाचं विचारणं चुकीचं नाही. फुले योजनेत बसते का हे?

नर्सबाई_वर्धा
बरोबर प्रश्न. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक त्यात येतात. पण दुसऱ्या, चांगल्या बाजूचं काम त्या पॅकेजात धरतात का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, भरती व्हायच्या आधी. आणि तोंडी "हो हो बसते" वर जाऊ नका, मंजुरी आली का ते पाहा.

गुंगीवाला
मी भूलतज्ज्ञ. सर्जन लोक बाहेर येऊन बोलतात, आम्ही आत डोक्याशी बसून सगळं पाहतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

नुसती गाठ काढायला तासाभराचं काम. लहान करणं आणि दुसरी बाजू धरली की तीन-चार तास. तब्येत ठीक असेल तर एवढी भूल काही मोठी गोष्ट नाही, पण बीपी, शुगर, दमा जे असेल ते सांगा.

"कॅन्सर मागे राहतो का" हा पऱ्हाटी यांचा मूळ प्रश्न कोणीच घेतला नाही, टायर आणि राईवर गाडी गेली. तर असं की लहान करायचं असल्यामुळे सर्जनला गाठीभोवतीचा भाग हात राखून काढावा लागत नाही, ऐसपैस काढता येतो. काढलेल्या तुकड्याला दिशा कळावी म्हणून धागे बांधतात, एकीकडे लांब धागा, एकीकडे आखूड. पॅथॉलॉजीवाले त्याला शाई फासतात आणि कापून पाहतात, शाईच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय का. नसेल तर कड साफ.

आता यातली खरी मेख. कड साफ नाही आली तर? साध्या ऑपरेशनमध्ये जागा तिथेच असते, पुन्हा उघडून थोडं अजून काढता येतं. इथे आतला सगळा भाग इकडचा तिकडे फिरवलेला असतो, नेमकी जागा सापडणं अवघड, मग कधी पूर्ण काढायची वेळ येते. म्हणून दोन गोष्टी विचारा: ऑपरेशन चालू असतानाच कड तपासायची सोय आहे का, आणि गाठीच्या जागेवर धातूच्या बारीक क्लिपा ठेवणार का. त्या क्लिपांवरून शेकवाल्यांना नंतर जागा कळते.

दुसऱ्या बाजूचा जो भाग काढतील तोही तपासायला पाठवतातच. क्वचित त्यातही काही सापडतं.

वऱ्हाडी_ठेचा
डॉक्टर, म्हणजे आत पण धागा अन् बाहेर पण धागा. लांब धागा आपलाच दिसते.

पांढरकवडा_एक्सप्रेस
एक अवांतर. पऱ्हाटीताईंनी "छाती" लिहिलं. आपल्याकडे सगळेच तसंच म्हणतात आणि त्यातून घोळ होतात. माझ्या मावशीने आरोग्य केंद्रात जाऊन सांगितलं "छातीत दुखते". झालं, ईसीजी काढला, नॉर्मल आला, गॅसच्या गोळ्या घेऊन घरी. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. गाठ आहे हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत कारण समोर डॉक्टर पुरुष आणि मागे रांगेत गावातले लोक.

झुणका_भाकर
आमच्याकडे तर "थान" म्हणायचं नाही कारण ते गाईम्हशीचं, "स्तन" म्हणायचं नाही कारण ते पुस्तकातलं. बाईनं सांगावं तरी कसं. माझी आई "इथं" म्हणायची अन् पदरावर बोट ठेवायची.

अंबाडी
आशाताई आल्या की त्यांच्याजवळ बोलावं. माझं तिथूनच पुढे गेलं.

टाकळी_बुद्रुक
जाऊबाई तंबाखू खातात का? विचारायचं कारण, माझ्या बहिणीचं असंच ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला. ती नाही म्हणाली. खर्रा नाही खात, पण दात घासायला नस (तंबाखूची पूड) लावते दिवसातून चार वेळा, ते तिच्या हिशोबात तंबाखूत धरतच नव्हती! बोंडी वर सरकवतात तेव्हा तिचा रक्तपुरवठा एका पट्टीवर टिकून असतो आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. बोंडी काळी पडून जाऊ शकते म्हणाले. चार आठवडे आधी बंद करायला लावली.

कापूसकोंड्या
चार आठवडे खर्रा बंद म्हटलं तर आमच्या गावात पुरुषांची एकपण ऑपरेशन होणार नाहीत. घोटून घोटून हाताला घट्टे पडलेत.

मीच_ती
तुमच्या तोंडाची आधी तपासणी करून घ्या भाऊ. चिडवत नाहीये, खरंच म्हणते.

कापूसकोंड्या
...

पांढरकवडा_एक्सप्रेस
दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, सेवाग्रामचा दवाखाना आहे. मुंबईला टाटात जायचं ठरलं तर विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेस. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, दवाखान्याचा ठरावीक फॉर्म भरून घ्यावा लागतो. राहायला दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा. मावशीसोबत मी तिथे राहिलोय, अर्धे लोक आपल्याच अमरावती-यवतमाळचे भेटले, पहिल्याच दिवशी कोणी तरी तुरीच्या डाळीचं वरण आणून दिलं.

झुणका_भाकर
सगळं वाचलं. मला एकच विचारायचंय. सासूबाई काय म्हणतात ते कळलं, भासरे अंगणात बसलेत हे कळलं, कापूसकोंड्या काय म्हणतो ते तर तीनदा कळलं. जाऊबाई काय म्हणतात?

पऱ्हाटी
झुणका_भाकर, तुमचा प्रश्न वाचून मी फोन उलटा ठेवून दिला. खरंच कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त फाईल घेऊन फिरत होते.

काल विचारलं. संध्याकाळी त्या चुलीपाशी होत्या, सासूबाई भजनाला गेल्या होत्या. आधी म्हणाल्या, "मले काय इचारता, तुमी शिकल्या-सवरल्या." मग बराच वेळ भाकरी थापत राहिल्या आणि बोलल्या त्या बोलतच राहिल्या. "पंधराव्या वर्षापासून वाकून चालतो मी. पोरं हसत. लग्नात फोटो काढतानी पदर धरून होतो. कापूस येचतानी गळ्यात वटी बांधली की वरून हे अन् खालून ते, संध्याकायी मान मोडून जाये. तुमच्या भासऱ्याले बी कदी सांगतलं नाही. कमी होत असन तं होऊ द्या नं. पण जीव पयले, मंग हे."

नस लावता का विचारलं. लावतात. मला वीस वर्षांत माहीत नव्हतं.

टाकळी_बुद्रुक
बघा.

अंबाडी
रडवलंत. शुगर तपासली का?

पऱ्हाटी
तपासली, तीन महिन्यांची सरासरी ८.९ आली.

गुंगीवाला
मग दोन्ही बाजू एकदम करायच्या का याचा विचार करा. कॅन्सरची बाजू थांबवता येत नाही, आणि शुगर इतक्यात खाली येणार नाही. काही सर्जन अशा वेळी फक्त कॅन्सरच्या बाजूची गाठ काढून ती बाजू बेताने लहान करतात आणि दुसरी नंतर. त्याचा एक फायदाही आहे. शेकानंतर ती बाजू काही महिने बदलत राहते, थोडी आक्रसते, टणक होते. ती स्थिर झाली की दुसरी तिच्या मापाने करता येते. एकदम करणारे सर्जन शेकाची बाजू अंदाजाने किंचित मोठी ठेवतात. दोन्ही रीती चालतात. मात्र शेक झालेल्या बाजूला नंतर चाकू लावायचा म्हटलं तर जखम भरायला त्रास होतो, म्हणून डाव्या बाजूचं जे करायचं ते आत्ताच.

मीच_ती
म्हणजे मधले काही महिने पुन्हा एक टायर मोठा, एक लहान.

कापूसकोंड्या
टायर मी मागं घेतला होता ना बाई!

पऱ्हाटी
खूप दिवसांनी येतेय, मधे शाळा, दवाखाना, सगळं एकदम होतं. पोळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आमच्या डॉक्टरांनीही तेच सुचवलं, आत्ता फक्त डावी. नस तीन आठवडे बंद होती, मी स्वतः डबी जप्त केली होती. चौथा आठवडा मिळाला नाही, डॉक्टरांनी थोडी नाराजी दाखवली पण तारीख पुढे नाही ढकलली.

रिपोर्ट आला. सगळ्या कडा साफ. कॅन्सर काखेत पसरलाय का ते पाहायला निळी शाई टाकून शोधलेल्या तिथल्या दोन लसिकाग्रंथी काढल्या होत्या, त्याही साफ. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर आहे, टॅमोक्सिफेनच्या गोळ्या निदान पाच वर्षं. केमो नको ठरलं. जखम टीच्या जोडावर थोडी ओली राहिली होती, अंबाडी काकूंमुळे मी आधीच घाबरून बसले होते, पण दहा दिवसांत सुकली. शेक सुरू आहे, नऊ झाले. शेजारच्या मावशी सोबत जातात, एसटीत दोघींना हाफ तिकीट. भासरे स्टँडवर सोडायला आणि घ्यायला येतात, अजूनही काही बोलत नाहीत, पण परवा स्वतःहून पेरू घेऊन आले.

सासूबाईंना नर्सबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, शेक नीट बसावा म्हणून. आता त्याच आल्यागेल्याला समजावून सांगतात.

नर्सबाई_वर्धा
वा! शेकाच्या जागेवर हळद, तेल, पावडर काही लावू देऊ नका, सांगतील तेच मलम. आणि यंदा कापूस वेचणीला पाठवू नका, बोंडाच्या काट्यांनी त्या हाताला ओरखडे नकोत.

पऱ्हाटी
वेचणीला यंदा नाहीच. पण दिवाळीच्या ब्लाउजवरून नवीन भांडण आहे. शिंपीण घरी आली माप घ्यायला, तर जाऊबाईंनी टेप हातात धरला आणि तिला म्हणाल्या, "आता नको घेऊ वं. एक बाजू अजून बाकी हाये माही. पुढच्या दिवाळीले एकदाच देतो."